वळणावरचं झुडूप

बायकोचं खुब्याचं हाड मोडून तीन महिने झाले होते. हाड जुळलं, पण बाई भिंतीकडे तोंड करून पडायची ती पडायचीच. निवृत्त इंजिन ड्रायव्हरला धीर देण्याचे शब्द येत नव्हते. उभ्या जन्मात बोलला असेल तर इंजिनाशी. म्हणून त्यानं तिच्या खिडकीखाली बागेत छोटे रूळ टाकले, हातभर लांबीची गाडी आणली आणि झाडं निवडायला नर्सरीत गेला.

नर्सरीवालीनं एक झुडूप पुढे केलं. गुडघ्याएवढंही नव्हतं, पण बुंधा पिळदार, पानं तांदळाएवढी, वर गच्च घुमट. शंभर वर्षांचा वृक्ष कुणी कुंडीत कोरून ठेवावा तसं.

"हे नको. वळणावर नजर अडते."

"काका, तुमच्या गाडीला आडवं कोण येणार? मुंगी?"

पण जन्मभर वळणावरची झाडं छाटायच्या तक्रारी लिहिलेला माणूस तो. त्यानं पाच विरळ, काटकुळी झुडपं उचलली आणि रुळांपासून लांब लावली.

गाडी सुरू झाली. बायकोनं मान वळवली, दोन फेऱ्या पाहिल्या आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

त्याचं डोकं सणकलं. "अगं, एवढं राबलो मी! काय कमी आहे त्यात?"

"सगळंच दिसतंय हो. पंखा बघितल्यासारखं. जरा लपू दे की गाडी कुठेतरी."

"आणि झाडामागे रुळावरून घसरली तर? कळणारसुद्धा नाही."

"मला तीस वर्षं कुठे कळत होतं?"

आपण ड्यूटीवर गेल्यावर तिला घरच्या खिडकीतून काय दिसतं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो नर्सरीत हजर.

"नजर अडते हं काका," नर्सरीवाली डोळे मिचकावत म्हणाली.

"अडू दे. द्या."

गच्च घुमटाचं ते झुडूप त्यानं ऐन वळणावर, रुळांना खेटून लावलं. गाडी सोडली आणि धावत खोलीत आला. बायको कोपरावर रेलून बाहेर बघत होती.

गाडी झुडपामागे गेली. दिसेना. त्यानं खिडकीचा गज घट्ट धरला. एवढा वेळ? घसरली वाटतं. तो दाराकडे वळला, तशी तिनं त्याचा सदरा ओढला.

"बसा हो. असंच वाटतं. येते."