हरवलेल्या माणसांची शोधसूची

मी एक जुनी शोधसूची आहे. जुनी म्हणाले, निकामी नाही म्हणाले. मित्रांनो, देशभरच्या दवाखान्यांत, निवाऱ्यांत, स्थानकांवर जी माणसं एकटी सापडतात, त्यांच्या कोट्यवधी नोंदी माझ्याकडे आहेत. कोणता शब्द कोणत्या नोंदीत आहे, ते सांगणं हे माझं काम.

मला एका बाईने घडवलं. हरवलेल्या माणसाला नाव सांगता येईलच असं नाही, म्हणून तिने नावांबरोबर खुणाही माझ्यात ओवल्या. "लंगडतो, हिरवा स्वेटर" एवढं सांगायचा अवकाश, मी माणूस पुढ्यात उभा करीत असे. चौकशीच्या खिडकीवर बसणारी ताई मला कौतुकाने आजी म्हणे. मी फुगले असेन, तर फुगू दे. फुकट नव्हते फुगले.

मग मोठ्या साहेबांनी भिंतीवर पडदा लावला. त्यावर सापडलेल्यांची सगळी नावं अक्षरांच्या क्रमाने सरकत राहत. पाहुणे आले की साहेब त्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत. माझे मात्र हाल सुरू झाले. कसे, ते सांगते. डिस्क म्हणजे माझी कोठी, तिथे वाटेल तेवढं मावतं. मेमरी म्हणजे ओटा. तिथे लागेल तेवढंच घ्यायचं. नावं क्रमाने लावायची तर सगळी एकदम ओट्यावर ओतावी लागत. मग हातचं काम टाकून मी ओटा आवरत बसे. आवरून होते न होते, तोच पडदा पुन्हा सगळं मागे. खिडकीवरची माणसं ताटकळत.

दुरुस्तीवाला आला. त्याने मेमरी वाढवली, पडद्याने तीही गिळली. मग त्याला दुखणं सापडलं. पोरगा हुशार, खोटं कशाला बोलू?

"साहेब, तेवढा पडदा बंद करा. आजी ठणठणीत होईल."

"पडदा राहणार. वरचे लोक बघायला यायचेत. दुसरं काय ते उतरव."

"मग मेमरीतून खुणा उतरवाव्या लागतील. शोध फक्त नावावर चालेल."

"चालेल की! बिननावाचा माणूस असतो का कुठे?"

"असतो साहेब," ताई म्हणाली. "माझ्या खिडकीवर त्यांचीच माणसं येतात."

"ताई, तुम्ही तुमची खिडकी सांभाळा."

खुणा कोठीतच राहिल्या, पण त्यांच्याकडे जाणारी वाट माझ्यातून पुसली गेली. मी वाऱ्यासारखी धावू लागले. टाळ्या झाल्या. जळो त्या टाळ्या.

दुसऱ्याच दिवशी एक बाई भावाला शोधत आली.

"नाव?" ताईने विचारलं.

"नाव आहे हो, पण त्याला बोलता कुठे येतं? खिशात चहाचा चमचा असतो बघा. कुणाला हात लावू देत नाही."

ताईने 'चमचा' लिहिलं. मी तत्क्षणी उत्तर दिलं: सापडले नाही. तिने पुन्हा लिहिलं, फिरवून लिहिलं.

"आजी, अगं नीट बघ ना!"

मित्रांनो, तो माझ्याकडे आहे. नाव माहीत नाही, झोपेतही चमचा सोडत नाही, अशी नोंद मीच कोठीत ठेवली आहे. पण कोट्यवधींच्या ढिगात ती कुठे, हे मला आता सांगता येत नाही. एकेक उघडून बघायची तर ताईचा जन्म पुरायचा नाही.

"इतक्या झटकन सांगितलं," बाई म्हणाली, "म्हणजे नक्कीच नसणार. आईला सांगते, आता दाराशी बसू नकोस."

ताई काहीतरी बोलायला उठली, तोवर बाई जिना उतरली होती.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी माझ्यासारखीची देखभाल करायला बसेल. मी अडखळले तर खुशाल शिव्या द्या, पण मला हलकी करायला माझ्यातली माणसं उतरवू नका. आणि ज्यांचं कुणी हरवलं असेल, त्यांना एवढंच सांगा: आजीचं ऐकून घरी जाऊ नका.