वासावरचा स्वयंपाक

सासूबाई केस विंचरायला आत गेल्या, तशी सुनेने पटकन रश्श्यावरचं झाकण उचललं आणि चमचाभर चाखून पाहिलं. मिठाचा पत्ता नव्हता. हे रोजचंच झालं होतं.

सासूबाईंनी उभी हयात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढली होती. शिजताना चाखणं त्यांना मंजूर नव्हतं. "चाखून मीठ घालणं म्हणजे पुस्तक उघडून परीक्षा देणं," म्हणायच्या. पातेल्यावर वाकायचं, वास घ्यायचा आणि चिमूट सोडायची, एवढंच. पण मागच्या तापात त्यांचं नाक गेलं. त्या कुणाला बोलल्या नाहीत. एकदा दूध करपून घरभर वास सुटला आणि त्या शेजारीच निवांत भाजी निवडत बसलेल्या दिसल्या, तेव्हा सुनेला उमगलं. तीही कुणाला बोलली नाही. शिलाई मशीनवरून उठायची, चाखायची, मीठ घालायची आणि परत टीप मारायला बसायची.

आजही तिने बरणी काढली. तेवढ्यात बाहेरून माहेरी आलेल्या नणंदेचा आवाज आला.

"वहिनी, आईचा मागच्या वेळचा रस्सा काय झाला होता गं! तुला सात जन्मांत जमायचा नाही तसा."

चेष्टाच होती ती. एरवी सून हसली असती. पण मशीनवर वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला होता, सकाळीच एक गिऱ्हाईक दारात येऊन चार शब्द सुनावून गेलं होतं, आणि त्या रश्श्याचं मीठ तिचं होतं. खाऊ दे की एकदा खरं आईच्या हातचं, असं तिच्या मनात आलं. तिने बरणी तशीच फळीवर ठेवली.

नणंद पहिल्याच घासाला थांबली. "आई, मीठ विसरलीस?"

सासूबाईंनी सुनेकडे एकदा पाहिलं. "विसरले असेन. वय झालं आता."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवणानंतर सासूबाई कॉफी करायला उठल्या. एरवी काहीतरी निमित्त काढून सून दुधापाशी घोटाळायची. आज तिला त्यांच्यासमोर उभं राहवेना. दूध खाली लागलं. नणंदेने एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

"आई, तुला वास येत नाही का?"

सासूबाई फडक्याने टेबल पुसत राहिल्या.

"वहिनी, तू दिवसभर घरात असतेस, तुला कळलं नाही? उद्यापासून हिला शेगडीजवळ जाऊ देऊ नकोस. गॅस सुटला तर हिला कळायचंही नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. सून "बरं" म्हणाली. एका फुटकळ बोलण्याचा राग आपण कुणावर काढला, या विचाराने तिला स्वतःची लाज वाटत होती.

नणंद गेल्यावर भांडी घासता घासता ती म्हणाली, "आई, चुकलं माझं. मीठ मीच घातलं नाही."

"माहितीये. रोज तूच घालतेस, म्हणून तर मी हल्ली घालत नव्हते. दोघींनी घातलं तर खारट नाही का व्हायचं?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"झाकण रोज वाकडं बसलेलं असायचं. नाक गेलंय माझं, डोळे नाही गेले." मग त्यांनी विचारलं, "तिच्या बोलण्यावर रागावली होतीस का?"

"हो."

"मग मला सांगायचंस ना. मीठ सुनेचं आहे म्हणून मीच सांगितलं असतं तिला."

 सून घासलेलंच पातेलं पुन्हा घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफीचं दूध तापवत होती. सासूबाई अंघोळ करून आल्या. रोजच्यासारख्या सरळ आत आल्या नाहीत, दाराशीच थांबल्या.

"येऊ का गं आत?" त्यांनी विचारलं. "कप तेवढे विसळते."