डोळे मिटून बसायची खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुम्हाला आठवते ती, जिच्यासाठी मोठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात. ती मी नव्हे. मी न्हाव्याच्या दुकानातली जुनी खुर्ची. ओतीव लोखंडाचं अंग, मानेला टेकू आणि बाजूला एक दांडा. तो दाबला की मी वर जाते. भल्याभल्यांना मी उचललंय आणि खालीही आणलंय. आज बोळात मोडक्या खोक्यांच्या संगतीत पडले आहे, म्हणून मला भंगार समजू नका.

चाचांच्या वडिलांनी मला कारखान्यातून आणलं आणि जाड बोल्टांनी जमिनीला जखडलं. सुनेसारखी आले आणि सासूसारखी राहिले. चाचा म्हणजे पुढे दुकान चालवणारा त्यांचा मुलगा. मुसलमान. साऱ्या गल्लीचे चाचा. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा त्यांना चाचाच म्हणत. पाटीवर एवढंच लिहिलेलं, ‘आरसा केशकर्तनालय’.

वडिलांनी जाताना एक नियम घालून दिला होता. वस्तऱ्याखाली गिऱ्हाइकाला झोप लागली, तर उठवायचं नाही. दाढी झाली तरी नाही, बाहेर रांग लागली तरी नाही. गळा उघडा टाकून जो झोपतो, तो आपला पाहुणा. मग बाकावरची माणसं कुजबुजत बोलत, आणि चाचा कात्रीसुद्धा हळूच ठेवत.

सगळ्यात जास्त झोपले ते वकीलसाहेब. दुकानाची जागा त्यांचीच. गालाला साबण लागेपर्यंत कायदा, घटना, सगळे नागरिक सारखे, असं व्याख्यान चाले. मग तोंड उघडं आणि घोरणं सुरू. मतदानाच्या दिवशी ते आपलं शाईचं बोट चाचांच्या बोटाशेजारी धरत आणि विचारत, आहे का काही फरक? बाकावरची माणसं माना डोलवत. मलाही खरं वाटे. लोखंडाचीच मी, डोकं कुठून असणार!

एके दिवशी नगरपालिकेचा माणूस आला. प्रत्येक दुकानदारानं आपलं नाव पाटीवर ठळक लिहायचं म्हणे. कशासाठी, तर स्वच्छतेसाठी. नावानं डोकी कशी स्वच्छ होतात ते मला अजून कळलेलं नाही. मी तर साबणानंच होताना पाहिली. चाचांच्या मुलीनं स्टुलावर चढून वडिलांचं नाव रंगवलं. उतरल्यावर ब्रश पुसत म्हणाली, “अब्बा, आपण नाव लपवलं कधी होतं?”

“लपवलं नव्हतं गं. कुणी विचारलंच नव्हतं.”

त्यानंतर समोरच्या पायरीवर काही तरुण येऊन बसू लागले. त्यातल्या एकाला मी लहानपणी आडव्या फळीवर बसवून घेतलं होतं. रडून रडून त्यानं माझ्या हातावर नाक पुसलं होतं. आता तो मिशीला पीळ देत होता. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. आत शिरणाऱ्याला नावानं हाक मारायची, आपली दुकानं संपली का रे, असं विचारायचं आणि हसायचं. तेवढ्यानं भागलं. बाक रिकामा झाला. काहीजण मागल्या दारानं येत आणि म्हणत, चाचा, राग मानू नका, पोरं बघतात. चाचा राग मानत नसत. मी मानायची. मागल्या दारानं येणारी माया मला पचत नाही.

त्यातच जागेचा करार संपत आला. वकीलसाहेबांनी पुन्हा सही केली तर दुकान राहणार, नाहीतर उठणार. मुलगी दुसरी जागा शोधून दमली. जागा रिकामी असे. नाव सांगितलं की भरलेली निघे. चाचा तिला समजावत, साहेब आहेत ना आपले.

साहेब आले. पुढच्या दारानं आले, एवढं मात्र त्यांच्या पदरात घालते. बसले. चाचांनी साबण लावला, एक गाल गुळगुळीत केला. व्याख्यान नाही. घोरणं नाही. मान ताठ, डोळे सताड उघडे आणि आरशातल्या वस्तऱ्यावर खिळलेले.

“साहेब, डोळे मिटा ना.”

“मिटतो. तुम्ही चालू द्या.”

मिटले नाहीत. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा त्यांच्या मुठी माझ्या हातांवर आवळल्या. घामानं ओल्या होत्या. इतकी वर्षं ज्या हाताखाली घोरले, त्याच हाताची भीती! चाचा थांबले. वस्तरा दुमडला, ओल्या टॉवेलनं साबण पुसला.

“राहू द्या, साहेब. उघड्या डोळ्यांची दाढी मला येत नाही.”

साहेब चाचरले. तसं काही नाही, लोक दबाव आणतात, या खेपेला कराराचं जरा अवघड आहे.

“ते तुमच्या मानेनं आधीच सांगितलं,” चाचा म्हणाले.

अर्धी दाढी घेऊन साहेब बाहेर पडले. पायरीवरची पोरं त्यांनाही हसली.

चाचांनी आरसे उतरवले, बाक उचलला. माझे बोल्ट मात्र गंजलेले. तेल सोडलं, पान्यावर सगळा जोर लावला, ते हलेनात. शेवटी मानेच्या टेकूवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. आता शहराच्या टोकाला, जिथे त्यांचं नाव ऐकून कुणी दचकत नाही अशा वस्तीत, घराच्या ओट्यावर दाढ्या करतात. दुकानात मोबाइलवाला आला. त्यानं माझे बोल्ट कापून मला इथे टाकलं.

वकीलसाहेब अधूनमधून बोळात येतात. इकडेतिकडे बघून माझ्यावर बसतात, मान मागे टाकतात, डोळे मिटतात. वाट बघतात आणि उठून जातात. एकदाही घोरले नाहीत. कीव करावी की कान उपटावा, माझं अजून ठरत नाही.

मित्रांनो, मला भट्टीत घातलं तरी माझी तक्रार नाही; लोखंड पुन्हा ओतता येतं. पण ज्याच्या हातात वस्तरा असताना तुम्हाला झोप लागते, असं माणूस जवळ असेल, तर त्याच्याकडे पुढच्या दारानं जा आणि त्याला जपा. पायरीवरच्या हसण्याला भिऊन एकदा डोळे उघडलेत, की नंतर नुसते मिटून झोप येत नाही.