पाखरांनी लावलेलं मिशाळ

मिशाळ हे भाताचं वाण गावात एकाच घरी उरलं होतं, आणि त्या घराला त्याचा गर्व मात्र दहा घरांना पुरून उरेल एवढा होता. प्रत्येक दाण्याला बोटभर काळी मिशी. ती टोचते म्हणून पाखरं चोच लावत नाहीत. एकरी उतारा किती, असं विचारलं की मालक हवापाण्यावर बोलू लागतात. पण पाणी तुंबून बाकीची भातं कुजली, तरी हे तग धरतं.

सासूने जाताना बियाणं थोरल्या सुनेच्या हाती दिलं होतं. धाकटीने मूठभर मागितलं, तर थोरली म्हणाली, "थोरल्या घरचं आहे ते." पुढच्याच हंगामात धाकटीच्या शेतात, दुकानातून आणलेल्या वाणाच्या मधोमध, मिशाळची एक ओळ डोलू लागली.

"पाखरांनी टाकलं असेल," धाकटी म्हणाली.

"दोरी धरून लावणी केली का गं पाखरांनी?"

तेव्हापासून जावाजावांचं बोलणं बंद. म्हणजे दोघी कुंपणाशी येऊन कोंबडीशी बोलत, मोठ्याने. कोंबडी सोडून सगळ्यांना लागायचं.

यंदा जुनी वाणं जपणाऱ्या संस्थेचे पाहुणे मिशाळ बघायला आले. थोरली रोपासाठी वाफा करायला शेतात गेलेली. पाहुणचार तिच्या नवऱ्याने अंगावर घेतला. त्याला सगळे अध्यक्ष म्हणत. कशाचे, ते अजून ठरायचं होतं. खायचं मिशाळ केव्हाच संपलेलं, पण आतल्या खोलीत एक लहान पिंप सापडलं. साळीत राख मिसळलेली. कीड लागू नये म्हणून बियाण्यात राख घालतात, हे त्या घरात मांजरालाही माहीत होतं. अध्यक्षांना वाटलं, बायकोचा गबाळेपणा. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी सूप हातात घेतलं, राख पाखडून काढली, आणि साळ गिरणीत नेली. गिरणीवाला म्हणाला, "एवढ्याशासाठी यंत्र चालू करत नाही." म्हणून पिंप पूर्ण रिकामं केलं. वर पॉलिशही मारून आणलं.

थोरली परतली तेव्हा पंगत रंगात आली होती.

"हे वाण जपलंच पाहिजे," मुख्य पाहुणे तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले. "वहिनी, बियाणं बघायला मिळेल का?"

ती आत गेली. पिंपाचं झाकण वाजलं. ती बाहेर आली, आणि एकेका ताटाकडे बघत म्हणाली, "बघा ना. तुमच्यापुढेच आहे."

पाहुण्यांचा घास हातातच राहिला. अध्यक्ष म्हणाले, "अगं, पण किती स्वच्छ पाखडलं होतं मी!"

रोप टाकायचे दिवस उंबऱ्यात, आणि घरात पेरायला दाणा नाही. थोरली सरळ कुंपणाशी गेली.

"कोंबडे, विचार तुझ्या मालकिणीला, पाखरांनी टाकलेलं काही उरलंय का?"

धाकटी हात पुसत आली. गिरणीतून बातमी तिच्याकडे आधीच पोचली होती. "कोंबडे, सांग त्यांना, मी चोर आहे. गावभर झालंय सांगून."

थोरलीने कोंबडीकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच जावेकडे. "पाखरांनीच टाकलं होतं."

"ऐकू नाही आलं, ताई."

"पाखरांनी टाकलं होतं!" थोरली एवढ्याने ओरडली की पाहुणे हात न धुताच अंगणात आले.

त्यांतला एक म्हणाला, "पण मिशाळला पाखरं शिवत नाहीत ना?"

"आमच्याकडची शिवतात!" दोघी एकदमच त्याच्यावर डाफरल्या.

धाकटीने आतून मडकं आणलं, थोरलीच्या पदरात अर्धं ओतलं आणि हात आखडला.

"एवढंच?"

"बाकीचं इथेच राहू दे. तुमच्या घरात भाऊजी आहेत."

थोरली तशीच पदर सावरत आत गेली.

पीक तयार झालं तेव्हा तिने अध्यक्षांना राखणीला बसवलं. बजावलं, "दुपारी जेवून झोपायचं. कोणी आलं तरी उठायचं नाही." हे काम अध्यक्षांना जमलं. पुढच्या हंगामात पाच-सहा शेतांत मिशाळ डोलत होतं, दोरी धरून लावल्यासारखं सरळ ओळीत. थोरली बांधाबांधाने हिंडून बघून आली आणि कुंपणावरून म्हणाली, "पाखरं फार झाली गं यंदा."

"हो ना ताई," धाकटी म्हणाली, "आणि गिरणीवाल्याच्या शेतातली तर काय माजलीयेत!"