फटफटीची खांदेमळण

टायर मी निवडले हुते, आन टायर चांगले हुते. त्या दुकानदाराला कुनी बोल लावला, तर मी ऐकून घेत न्हाई. माझा धाकटा भाऊ सूर्यभान गेला तो टायरापायी न्हाई. कशापायी गेला ते आमच्या आईला कळू नये, येवढीच माझी धडपड हुती. बाकी लोकांनी मला काय म्हनायचं ते म्हनावं.

सूर्यभान हिरीवरच्या इंजनांचा मिस्त्री. सारा जिल्हा फटफटीवर पालथा घालायचा. आज खर्ड्याला, तर परवा थेट भंडारदऱ्याच्या अंगाला. आमी श्रीगोंद्याकडचे, आमची वस्ती डांबरी सडकेच्या कडंलाच. लांबनं फटफटीचा आवाज आला, की आई चुलीवर तवा टाकायची. त्या पावसाळ्यात टायर झिजून पार गुळगुळीत झाले, आतलं कापड दिसाया लागलं. मी म्हनलं, "बाबा, घाटात कुठं निसटलास तर आमी काय करायचं? औंदा तुझं लगीन करायचंय." त्यो नुसता हसायचा. शेवटी माझं टाळकं फिरलं. एकाहत्तर सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या मागं बसलो आन नगर गाठलं, सारी वाट जीव मुठीत धरून.

टायरवाल्या राधाकृष्ण शेटनं आधी जुन्यावर रबर चढवलेली जोडी म्होरं टाकली. स्वस्तात बसंल म्हनला. मी म्हनलं, "शेट, म्हाताऱ्या बैलाला झूल घालून इकताय व्हय?" सूर्यभाननं मला कोपरानं ढोसलं. मग शेटनं नवी जोडी काढली. मी बैल बघावा तशी बघितली. अंगठा रोवला, वास घेतला, भुईवर आपटून पाहिली. तर पुढचा टायर सरळ रेघांचा आन मागचा खाचांचा. माझं डोकं पुन्हा तापलं.

"जोड अशी असती का? एकसारखी द्या."

"दादा, पुढच्यानं वळायचं आन मागच्यानं रेटायचं," सूर्यभान म्हनला. "दोघांचं काम येगळं हाय."

मला काय ते पटलं न्हाई. आनखी दोन दुकानं हिंडलो, दोन्हीकडं तेच ऐकलं, आन परत येऊन हीच जोडी घेतली. शेटच्या मानसानं टायर चढवून दिले. निघताना शेट म्हनला, "नव्या टायरवर साच्याचा ओशटपणा असतो. पहिले पन्नास मैल दमानं चालवा, वळणावर गाडी फार आडवी करू नका. आणि तेलाचा हात लागू देऊ नका, सटकेल."

"टायरला तेल लावायला आमी काय खुळे हाय का?" मी म्हनलं. सूर्यभान वाटंभर त्याच्यावरनं हसत हुता.

घरी पोचलो तर खांदेमळनीची येळ झालेली. बैलांनी वरीसभर जू वाहिलेलं असतं, म्हनून पोळ्याच्या आदल्या सांजंला त्यांच्या खांद्याला तेल-हळद चोळत्यात आन म्हनत्यात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आमच्या आईनं, झुंबरबाईनं, दोन्ही बैलांचे खांदे मळले, आन वाटी घेऊन सरळ फटफटीकडं आली.

"ही बी वरीसभर वझं वाहती," म्हनली. "माझ्या लेकाला रोज घरी आनती. हिचा खांदा कुठं रं?"

"हिचं समदं वझं चाकावर, आई," सूर्यभान चेष्टेनं बोलून गेला.

झालं. आई खाली बसली आन नव्या टायरांना सगळीकडनं कोमट तेल-हळद चोळाया लागली. आमी दोघांनी एकमेकाकडं बघितलं. शेटचं बोलनं दोघांनी ऐकलं हुतं. मी तोंड उघडनार, तवर सूर्यभाननं डोळ्यानं खुनावलं. आईचं तोंड असं फुललं हुतं, की तिला थांबव म्हनायला माझी जीभ बी रेटली न्हाई. एरवी मी कुनाला बोलायचं बाकी ठेवत न्हाई. फटफटीच्या दांड्याला हात लावून ती म्हनली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"सकाळी पुसतो, दादा," सूर्यभान हळूच म्हनला.

सकाळी एका बागायतदाराचा सांगावा आला, इंजान बंद पडलंय, लगोलग या. सूर्यभाननं चिंधी घेतली, टायरांचा मधला भाग पुसला. कडा तशाच राहिल्या. आई दारात उभी हुती, तिच्या डोळ्यादेखत तिचं तेल खसाखसा पुसायचं त्याला जड गेलं. "निवदाच्या आत येतो," म्हनला आन गेला. मी बैल धुवायला नेत हुतो. मी चिंधी मागून घ्यायला पायजे हुती. न्हाई घेतली.

सडक सरळ हुती तवर काय झालं न्हाई. मोरीपाशी वळन हाय. तिथं गाडी आडवी झाली, टायरची कड डांबराला लागली आन मागचं चाक सटकलं. डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. आवाज ऐकून मी पळत गेलो तवा त्याच्यात जीव न्हवता. त्याला मांडीवर घेऊन मी सडकेवर बसलो आन मोठ्यानं रडलो. मला कुनाची लाज वाटली न्हाई.

हवालदार आला, पंचनामा सुरू झाला. त्यानं टायरवरनं बोट फिरवलं, बोट पिवळं झालं. नाकाला लावलं.

"टायरला तेल कुणी लावलं?"

आईचं नाव कागदावर चढलं, तर ती जगायची न्हाई.

"मी," म्हनलं.

"कशाला?"

"चकाकावं म्हनून."

समद्या पंचांम्होरं त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. दुसऱ्या कुनी त्यातली निम्मी शिवी दिली असती, तर मी त्याचं नरडं धरलं असतं. पन खाली मान घालून ऐकलं. खरं सांगतो, बरं वाटलं. आई सुटली, असं वाटलं.

कसली सुटती. पंच म्हनून उभी राहिलेली मानसं गावातलीच. सांजंला अग्नी देऊन आलो, तर शेजारची साळूबाई आईच्या गळ्यात पडून रडत हुती. "तुझ्या कानिफानं टायरला तेल चोळलं म्हनं गं, त्या तेलानंच घात केला." नाव मी बदललं हुतं, पन तेल कुनी चोळलं ते आईला कुनी सांगायला पायजे हुतं का? तेलानं घात केला हे मी लपवायला निघालो हुतो, आन ते माझ्याच तोंडून गावभर झालं. असला खुळा मी.

आई रडायची थांबली. बायका पांगल्या तरी ती भिताडाला टेकून तशीच बसली हुती. मला वाटलं, आता ही डोकं आपटून घेईल. तिनं मला जवळ बसवलं.

"तेलानं चाक घसरतं, तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"त्याला?"

"त्याला बी."

"मग मला थांबवलं का न्हाई रं?"

"तुला वाईट वाटलं असतं, आई."