अपघाताविना गेलेले दिवस

खाणीच्या फाटकावर एक हिरवा फलक आहे. त्यावर लिहिले आहे, 'अपघाताविना गेलेले दिवस'. खाली चार खिळे. मी सुरक्षा विभागात कारकून होतो; हजेरी आणि नोंदी लिहिण्याबरोबरच रोज सकाळच्या भोंग्याआधी त्या खिळ्यांवर पत्र्याचे आकडे टांगणे हे माझे काम होते. फलक उंचावर आहे. टाचा उचलल्या की माझा हात जेमतेम पोचे. मला माणसांशी बोलणे अवघड जाते, म्हणून हे काम मला आवडत असे. आकडा टांगून झाला की मी क्षणभर समुद्राकडे पाही. निकेलच्या मातीने आमच्या किनाऱ्याचे पाणी विटकरी झाले आहे. पहाटे ते पाणी आहे की वाळत घातलेले कापड, हे ओळखू येत नाही.

अकराशे सत्त्याण्णवाव्या दिवशी मागे घसरणाऱ्या डंपरचे चाक पाक रांते यांच्या उजव्या पायावरून गेले. ते तोराजाच्या डोंगरी मुलखातले. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला आदराने 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'. शिट्टी वाजवून डंपरना वाट दाखवण्यात त्यांची वीस वर्षे गेली होती. खाणीच्या दवाखान्यात पट्टी बांधली गेली. संध्याकाळी आमचे सुरक्षाप्रमुख पाक कुंतोरो यांनी मला नियम समजावला. तो समुद्रापलीकडच्या मुख्य कार्यालयातून आलेला होता : जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर असेल, तर अपघात मोजायचा नाही.

"बाराशेव्या दिवशी परदेशी पाहुणे येतायत," ते म्हणाले. "आपण कामगारांना कसं वागवतो ते बघायला. तेव्हा रांतेची गैरहजेरी तेवढी पडू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिकेने पाक रांतेंना कामावर आणले. फलकाखाली प्लास्टिकची खुर्ची मांडली होती. त्यांच्या हाती हिरवे निशाण देण्यात आले. हजेरीवहीत कामाच्या रकान्यात मी 'फाटकाचे निरीक्षण' असे लिहिले.

"इथनं उठायचं नाही हां," पाक कुंतोरोंनी बजावले. "कुणीही सांगू दे, उठायचं नाही."

"वीस वर्षं ओरडत होतात, बसू नकोस म्हणून," पाक रांते म्हणाले. "पायावरनं गाडी गेली आणि बढती मिळाली."

पाक कुंतोरो हसले आणि 'कामगाराचे मनोबल उत्तम' अशी नोंद करायला त्यांनी मला सांगितले. मी ती केली.

"रुस्लिन, आज किती रे?" पाक रांतेंनी वर न बघता विचारले.

"अकराशे अठ्ठ्याण्णव, पाक."

"अरे वा. एवढ्या दिवसांत कुणाला काही झालंच नाही म्हणायचं."

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी त्यांची बायको, बू लिंबोंग, केळीच्या पानात भात आणि मासा घेऊन आली. तिने पान सोडले नाही. ती आधी पट्टीपाशी वाकली.

"माझा जन्म मासळी बाजारात गेलाय," ती मला म्हणाली. "हा वास ताज्याचा नाही. यांना शहरात न्या."

"उद्या पाहुणे येऊन गेले की लगेच, बू." वाक्य पाक कुंतोरोंचे होते, माझ्या तोंडून ते फार सहज आले.

"पायाला सांगू का तसं? उद्यापर्यंत थांब म्हणून?" तिने माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहिले. "कागद तूच लिहितोस ना? मग लिही की काहीतरी."

मी लिहिले. कंपनीच्या कामानिमित्त प्रवासाला पाठवण्याचा एक छापील अर्ज असतो. त्यावर पाक रांतेंचे नाव घातले आणि कारण दिले, 'कामगारांच्या सोयीसाठी शहरातील रुग्णालयाच्या खाटांची पाहणी'. मुदत, 'पाहणी पूर्ण होईपर्यंत'. खाली माझी सही केली. माणूस गैरहजर राहणार नव्हता आणि रुग्णालयात पोचणार होता. पाक कुंतोरोंनी अर्ज दोनदा वाचला.

"हुशार आहेस की रे तू."

सांगायला संकोच वाटतो, पण मला आनंद झाला. तासाभरात कंपनीची गाडी पाक रांतेंना घेऊन निघाली.

बाराशेव्या दिवशी पाहुण्यांनी फलकाखाली उभे राहून फोटो काढले. त्यांच्यातल्या एका बाईंनी रिकाम्या खुर्चीबद्दल विचारले. कामगारांना बसता यावे म्हणून ठेवली आहे, असे पाक कुंतोरोंनी सांगितले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिले आणि समाधानाने मान हलवली.

शहरात त्याच दिवशी पाक रांतेंचा पाय गुडघ्याखाली कापला गेला. दोन दिवस आधी आणला असता तर वाचला असता, असे डॉक्टर म्हणाल्याचे मला नंतर कळले.

महिन्याभराने बू लिंबोंग सुरक्षा विभागात आली. तिला अपघाताचा दाखला हवा होता. तो असला तरच कामगार कार्यालय कृत्रिम पाय देणार होते, आणि मग एक पाय गेला म्हणून कंपनीला पाक रांतेंना कामावरून काढता येणार नव्हते. पाक कुंतोरोंनी माझा अर्ज तिच्यापुढे ठेवला.

"रांते पाहणीला गेला होता. तिथं त्याच्या पायाचं काय झालं ते रुग्णालयाला विचारा. आणि पाहणी संपली असेल, तर त्याला उद्यापासून कामावर पाठवा."

तिने अर्ज सावकाश वाचला. मग माझ्याकडे पाहिले.

"अक्षर छान आहे हो तुझं."

त्या संध्याकाळी मी त्याच अक्षरात अपघाताचा अहवाल लिहिला. दिवस, वेळ, डंपरचा क्रमांक, चाक, पाय, खुर्ची, आणि खोटा अर्ज मीच लिहिल्याची कबुली. सही करून तो बू लिंबोंगच्या हाती दिला. सकाळच्या पहिल्या बसने ती कामगार कार्यालयाकडे गेली.

मी फाटकाशी आलो. त्या दिवशी बाराशे एकतीस टांगायचे होते. मी त्यातून अकराशे सत्त्याण्णव वजा केले आणि दोनच आकडे टांगले. उरलेल्या दोन खिळ्यांवर ऊन पडले होते.

पाहणी संपल्यामुळे पाक रांते कामावर रुजू झाले होते. कुबड्या भिंतीला टेकवून ते खुर्चीत बसले.

"आज किती रे?"

"चौतीस."

त्यांनी बोटांवर मोजले. "बरोबर आहे."

पाक कुंतोरोंची गाडी फाटकात थांबली. ते फलकाकडे बघत राहिले.

"आकडे पडले का?"

"नाही, पाक. मोजले."

"परत लाव."

मी हललो नाही. त्यांनी माझ्या हातातली आकड्यांची पेटी काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. मग ते स्वतः फलकाखाली गेले. ते माझ्यापेक्षा वीतभर बुटके आहेत. दोनदा टाचा उचलून झाल्यावर त्यांनी खाली पाहिले.

"रांते, जरा ऊठ. खुर्ची दे."

"जमायचं नाही, पाक," रांते निशाण सरळ धरत म्हणाले. "उठायचं नाही असा हुकूम आहे."