नवा कोरा कचरा

शाळेच्या फाटकासमोर स्टेशनरीचं दुकान म्हणजे दारात बांधलेली दुभती गाय, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय जातं म्हणायला! गाय दुभती होती, नाही कशाला म्हणायचं, पण दुधात मीठ टाकणारी दुकानवालीच्या पोटचीच निघाली होती.

ती म्हणजे तिची सहावीतली मुलगी. सगळी गल्ली तिला ठसकी म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. नवरा ट्रक घेऊन आठवड्यातले बरेच दिवस बाहेर, त्यामुळे दुकान आणि ठसकी ही दोन्ही ओझी दुकानवालीच्याच डोक्यावर. त्यातलं दुकान तरी रात्री कुलूप लावलं की गप्प बसायचं.

भांडणाला तोंड फुटलं ते वह्यांवरून. वार्षिक परीक्षा संपल्यावर ठसकीने आपल्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढली, एकावर एक रचली, दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवली आणि वरून जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं. इथवर ठीक होतं. पोरीच्या हाताला वळण आहे म्हणून दुकानवालीला जरा बरंच वाटलं. पण शाळा सुरू झाली आणि कार्टीने तीच विद्या अख्ख्या वर्गाला शिकवली. मधल्या सुट्टीत पोरंपोरी दाभणं घेऊन बसायला लागली आणि दुकानात रफ वह्यांचे गठ्ठे जसेच्या तसे पडून राहिले. स्टेशनरीवालीच्या मुलीने जगाला सांगायचं की वही विकत घेऊ नका! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो आणखी कसा असतो?

दुकानवालीने तिला समोर बसवून विचारलं की बाई गं, तुझ्या तोंडात घास पडतो तो कुठून पडतो, ठाऊक आहे का. ठसकीने उलटा सवाल केला की अर्ध्या कोऱ्या वह्या लोक रद्दीत घालतात, ते तुला रोज दिसतं ना, मग तुला काहीच कसं वाटत नाही. दुकानवालीला वाटत होतं ते वेगळंच. एक ठेवून द्यावी असं वाटत होतं.

तिथून पुढे मायलेकींत सरळ बोलणं उरलंच नाही. ठसकी संध्याकाळी गल्ल्याजवळ येऊन उभी राहायची आणि येईल त्याला विचारायची, घरून पिशवी आणली नाहीत का? एवढी मोठी माणसं, पण फौजदाराने पकडल्यासारखी कावरीबावरी व्हायची. एक म्हातारी तर घेतलेल्या पेन्सिली परत ठेवून पलीकडच्या चौकातल्या दुकानात गेली. त्या दिवशी दुकानवालीने भांडी इतकी आपटली की वरच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून विचारायला खाली आली.

आणि मग शाळेने दरवर्षीची स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक मुलाने घरातल्या कचऱ्यातून एक उपयोगी वस्तू करून आणायची. कल्पना झकास. पण खाली सूचना होत्या. बाटल्या एकाच मापाच्या हव्यात, लेबल नको, डाग नको. आइस्क्रीमच्या काड्या पांढऱ्या आणि सरळ. पुठ्ठा न चुरगळलेला. आता सांगा, कुणाच्या घरी असला शिस्तीतला कचरा निघतो?

घरी निघत नाही म्हटल्यावर दुकानात निघणार. दुकानवालीने मागच्या वर्षीसारखीच होलसेलवाल्याकडून पोती मागवली. कधी पाणी न भरलेल्या बाटल्या, आइस्क्रीमचं तोंड न पाहिलेल्या काड्या, अंडी कशी असतात हे ठाऊक नसलेले अंड्यांचे ट्रे. सगळ्याला पिवळे गोल स्टिकर लावून तिने फळीवर मांडणी केली. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ही झुंबड. टाय लावलेला एक बाप धापा टाकत आला आणि म्हणाला, कचरा आहे का? दुकानवाली म्हणाली, आहे ना, कुठला देऊ, मोठा का लहान? रांगेतली माणसं हसली. दुकानवालीही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती बिचारी.

तेवढ्यात ठसकी पुढे झाली. तिने टायवाल्याला विचारलं, तुमच्या घरी एकही रिकामी बाटली नाही का. तो म्हणाला, आहेत, पण सारख्या नाहीत आणि मळक्या आहेत. मग धुवा ना काका, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. टायवाला लाल झाला आणि हातातलं सामान तिथेच टाकून निघून गेला. त्याच्यामागून आणखी दोघे सटकले.

दुकानवालीने पोरीला दंडाला धरून आत ओढलं. रांग ऐकत होती, ऐकू दे.

"तू माझ्या पोटी आलीसच कशी, तेच मला कळत नाही," ती म्हणाली.

ठसकीने दंड सोडवून घेतला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. सकाळी आई उठायच्या आत शाळेत गेली, आणि दुकानवालीने मनात म्हटलं, जा, जा, कुणी अडवलंय.

दुपारी शाळेचा शिपाई बोलवायला आला. मोठ्या बाईंनी लगेच यायला सांगितलंय म्हणाला. शटर ओढून दुकानवाली निघाली. वाटेत हॉल होता, तिथे टेबलं मांडलेली होती. सगळ्या टेबलांवर नव्या बाटल्यांच्या नव्या फुलदाण्या, आणि शेवटच्या टेबलाभोवती ही गर्दी. ते टेबल ठसकीचं होतं. तिने काहीच बनवलं नव्हतं. शाळेच्या जिन्याखालच्या अडगळीतून तिने मागच्या वर्षीच्या स्पर्धेतल्या वस्तू पोत्यात भरून आणल्या होत्या आणि तशाच ओतल्या होत्या. धूळ खाल्लेल्या फुलदाण्या, मोडके पेनस्टँड, काड्या निखळलेले दिवे. बहुतेकांच्या बुडाला दुकानवालीचे पिवळे स्टिकर किमतीसकट शाबूत होते. समोर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'हा कचरा आम्ही विकत आणला होता.' बाहेरून आलेले पाहुणे तो पुठ्ठा वाचून पोट धरून हसून गेले, असं शिपायाने हळूच सांगितलं.

दुकानवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हिने आईची अब्रू टेबलावर मांडली आणि वर किमती दाखवल्या!

मोठ्या बाईंच्या खोलीत ठसकी भिंतीशी उभी होती, हनुवटी वर करून, जशी घरी उभी असायची तशीच. मोठ्या बाईंनी दुकानवालीला बसायला खुर्ची दिली आणि आवाज मऊ केला. म्हणाल्या, मी तुमच्याच बाजूची आहे, या मुलीने शाळेची लाज काढली आणि तुमच्या दुकानाचीही काढली. उद्या प्रार्थनेच्या वेळी तिने सगळ्यांसमोर सांगायचं की हे सामान शाळेचं नाही, मी ते उकिरड्यावरून खोडसाळपणे आणलं, माझं चुकलं. एवढं म्हटलं की विषय संपला. आणि ती म्हणणार नसेल, तर पुढच्या वर्षी पालकांना वह्यापुस्तकांची जी यादी जाते, तिच्यात दुसऱ्या दुकानाचं नाव घालावं लागेल. चौकातला माणूस केव्हाचा मागे लागलाय.

यादीतून नाव गेलं की दुकान गेलं. फाटकासमोर नुसतं बसून काही विकलं जात नाही, पालक यादी हातात घेऊन येतात आणि यादीत लिहिलंय तिथेच जातात. हे दुकानवालीला ठाऊक होतं आणि दुकानात वाढलेल्या ठसकीलाही ठाऊक होतं.

"म्हणेल," दुकानवाली म्हणाली. "न म्हणून सांगते कुणाला. मी म्हणायला लावते."

मोठ्या बाई खूश झाल्या. उद्या अडखळायला नको, आत्ताच एकदा म्हणून दाखव, असं त्यांनी ठसकीला सांगितलं.

दुकानवाली वाट बघत बसली. आता होईल तमाशा, ही भवानी पाय आपटेल, उलट बोलेल, मग आपण बाईंदेखत दोन ठेवून देऊ, असा तिचा बेत होता. हात शिवशिवतच होते. पण ठसकीने आईकडे एकदा बघितलं. मग तिची हनुवटी खाली आली, मान खाली गेली आणि ती जमिनीकडे बघून बारीक आवाजात बोलायला लागली.

"हे सामान शाळेचं नाही. मी ते उकिरड्यावरून..."

हा आवाज दुकानवालीने कधी ऐकलाच नव्हता. पाळण्यात असल्यापासून ही पोर कधी अशी बोलली नव्हती. कान पिळला तरी नाही, उपाशी ठेवलं तरी नाही.

"गप्प बस," ती म्हणाली.

मोठ्या बाईंना वाटलं, पोरीला दटावतेय. दुकानवाली खुर्चीवरून उठली.

"बाई, हिला शिव्या घालायला मी जिवंत आहे, ते काम तुमचं नाही. आणि ही पोर खोटं बोलणार नाही. सामान तुमच्याच शाळेतलं आहे. तुम्ही मागितलंत, मी विकलं. उद्या मी येऊन सांगू का सगळ्यांसमोर?"

यादीचा विचार करा, मोठ्या बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता.

"केला," दुकानवाली म्हणाली, आणि पोरीला मनगटाला धरून बाहेर पडली.

फाटकापासून दुकानापर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. झालं का समाधान, आता चौकातल्याच्या घरी दिवाळी आणि आपल्या घरी शिमगा, बापाला फोनवर तूच सांग, पोती परत घ्यायला होलसेलवाला काय तुझा मामा लागतो का. ठसकी बरोबरीने चालत होती. शटरपाशी येऊन ती थांबली.

"मला वाटलं, तू मला म्हणायला लावशील."

"लावणारच होते," दुकानवाली म्हणाली. कुलूप हट्टाने उघडत नव्हतं. "तेवढ्यासाठीच आले होते."

"मग?"

"जन्मात कधी माझ्यासमोर मान घातली नाहीस खाली. आणि तिथे घातलीस. दुकानासाठी घातलीस. मला नाही बघवलं ते." कुलूप निघालं. तिने शटर खाडकन वर ढकललं. "लगेच हुरळून जाऊ नकोस. माझा राग गेलेला नाही अजून."

"माझाही नाही," ठसकी म्हणाली.